सव्वा स्वर खाली

बाबांचा कान हा त्या घरातला चौथा माणूस होता. आई, बाबा, एकुलती एक मुलगी आणि कान. दारावरची घंटा कुठल्या स्वरात वाजते, नळ कुठल्या स्वरात गळतो, शेजारचा कुत्रा भुंकताना शेवटी किती घसरतो, हे त्या कानाला बसल्या जागी कळायचं, आणि कळलेलं पोटात ठेवायची त्याला सवय नव्हती. आईनं हौसेनं आणलेल्या सहा ग्लासांपैकी दोन बाकीच्यांशी बेसूर किणकिणतात म्हणून दुकानात परत गेले होते. बाबा पियानो लावायचे. शाळांतले, सभागृहांतले, लोकांच्या दिवाणखान्यांतले पियानो चाळीस वर्षं त्यांनी सुरात आणले, तेही नादकाट्याला हात न लावता. नादकाटा म्हणजे आपटला की एकच पक्का स्वर देणारा पोलादी काटा. बाबांचा काटा कापडात गुंडाळून अवजारांच्या पिशवीत तळाशी पडलेला असायचा. ज्याच्या डोक्यात स्वर नाही त्यानं तो खिशात बाळगावा, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते इतर पियानो लावणाऱ्यांना तोंडावर ऐकवायचे. त्यामुळे त्या धंद्यात त्यांना मित्र फारसे नव्हते.

अशा माणसाच्या मुलीनं व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा जाड आवाजाचा थोरला भाऊ, हातात घेतला, इथवर ठीक होतं. पण पंचविशी उलटल्यावर ती एका चौकडीला जाऊन मिळाली. चौकडी हा बाबांचाच शब्द. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो वाजवणारी ही चौघं तरुण मंडळी एका वेडापायी एकत्र आली होती. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचं संगीत त्या काळी वाजत असेल तसंच वाजवायचं, हे ते वेड. पोलादी तारा चालणार नाहीत, मेंढीच्या आतड्यापासून वळलेल्याच हव्यात. गज जुन्या घडणीचे हवेत. आणि सूरही त्या काळचा, म्हणजे आजच्या सुरापेक्षा अर्धा स्वर खाली. पहिला व्हायोलिनवाला या सगळ्याचा पुढारी. कुठलीही शंका काढा, तो जुन्या ग्रंथातला उतारा पानाच्या आकड्यासकट तोंडावर फेकायचा, म्हणून बाकीच्यांनी त्याला शास्त्रीबुवा करून टाकलं होतं. दुसरं व्हायोलिन धाकटीकडे, चेलो दादाकडे, आणि हिचा स्वर कायम मधे असतो म्हणून ही मधली.

जग पुढे चाललंय आणि चौकडी खाली चाललीय, असं बाबा म्हणायचे. पण ही नुसती थट्टा नव्हती. ओळखीची रचना ओळखीच्या जागेवरून घसरलेली ऐकली की त्यांना खरोखरच त्रास व्हायचा. आपल्याच घरात शिरावं आणि सगळं सामान हातभर सरकलेलं दिसावं, तसं होतं म्हणायचे. म्हणून तीन वर्षांत ते एकाही कार्यक्रमाला फिरकले नव्हते. मधली हे हसण्यावारी न्यायची, पण आत कुठेतरी ते तिला सलायचं. बाबांच्या कौतुकाच्या कोशात एकच शब्द होता, 'नीट'. पियानो मनासारखा लागला की ते एवढंच म्हणायचे. एकदा, फक्त एकदा, तो शब्द आपल्या वाट्याला यावा, एवढीच तिची हाव होती.

शेवटी आईनं नेट लावला आणि ते आले. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा लहानसा हॉल होता. बाबा शेवटच्या रांगेत, पाठ ताठ ठेवून, दात काढायला आल्यासारखे बसले होते. चौकडी त्या दिवशी फार सुंदर वाजली. घरी येऊन जेवायला बसल्यावर मधली वाट बघत राहिली.

"एक स्वर खाली होतात," बाबा म्हणाले.

"अर्धा, बाबा."

"एक."

आता अर्धा आणि एक यात बाकीच्या जगाला काही फरक पडत नाही. त्या घरात पडायचा. मधली ताटावरून उठली. चौकडीचा वेगळा नादकाटा होता, अर्धा स्वर खालचा, तो तिनं आणला. तो टेबलावर आपटला आणि फोनवर मोजून आकडा बाबांच्या नाकासमोर धरला. अर्धा. बाबांनी आकडा बघितला, काटा पुन्हा आपटायला लावला, कानाशी धरला. मग हात धुऊन ते आतल्या खोलीत गेले. पिशवीच्या तळातून स्वतःचा काटा काढून त्यांनी कापड सोडलं, तोही आपटला आणि बराच वेळ कानाशी धरून उभे राहिले. आईला वाटलं, रागावले.

बाहेर येऊन ते म्हणाले, "तुझंच बरोबर. अर्धाच आहे." आणि तिचा काटा उचलून म्हणाले, "हा राहू दे माझ्याकडे."

जन्मात पहिल्यांदा बाबांनी सुराच्या बाबतीत माघार घेतली होती. वर चौकडीचा काटाही मागून घेतला होता. मधलीला आकाश ठेंगणं झालं. तिनं लगेच तिघांना फोन केले, आणि पुढच्या तालमीला शास्त्रीबुवांनी चौकडीचा ऐतिहासिक विजय म्हणून सगळ्यांना कॉफी पाजली.

ती गोष्ट मग कार्यक्रमातच शिरली. सूर खाली का, हे श्रोत्यांना समजावून सांगावं लागायचं. ते काम शास्त्रीबुवांकडे दिलं तर वाजवायला वेळ उरायचा नाही, म्हणून मधली बोलायची. माझे वडील पियानो लावतात, ती सांगायची, त्यांचा कान म्हणजे देवाचा कान, आणि आमचा हा जुना सूर ऐकून तो देवाचा कानसुद्धा अर्ध्या स्वरानं गंडला. लोक खळखळून हसायचे. हॉल सैल व्हायचा. वर्षभरात अकरा गावांत तिनं ती गोष्ट सांगितली, दर खेपेला जरा जास्त रंगवून.

त्या वर्षात घरी बाबांनी दारावरच्या घंटेचा सेल दोनदा बदलला. घंटा खाली गेलीय म्हणाले. आईला ती होती तशीच वाटत होती, पण नळाच्या आणि कुत्र्याच्या बाबतीतही तिला कधी काही वेगळं वाटलं नव्हतं, म्हणून ती गप्प बसली. मग बाबांनी हळूहळू कामं घेणं कमी केलं. गुडघा दुखतो म्हणाले. साठी उलटलेल्या माणसाच्या गुडघ्यावर कोण शंका घेणार?

बाराव्या गावी मध्यंतरात चहाच्या टेबलापाशी एक वयस्कर बाई मधलीजवळ आल्या. चष्मा, हातात छत्री. आपण डॉक्टर आहोत आणि जन्मभर लोकांचे कान तपासले, असं त्यांनी सांगितलं. वाजवणं आवडलं म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या वडिलांची ती गोष्ट. खरी आहे का?"

खरी आहे, अगदी अशीच घडली, असं मधली हसत म्हणाली.

"याआधी ते कधी असे चुकले होते?"

"बाबा? कधीच नाही."

बाईंनी कप खाली ठेवला. "मग या वेळी चुकले ते गमतीनं चुकले, असं कसं धरून चाललात?"

त्या आवाजात दोष देणं नव्हतं. चौकशी होती, डॉक्टर करतात तशी. एवढा पक्का कान एकाएकी सगळंच खाली ऐकायला लागतो तेव्हा आत काहीतरी बिघडलेलं असू शकतं, त्यांना लवकर तपासून घ्या, असं त्या म्हणाल्या.  घंटा वाजली आणि मधलीला उत्तरार्ध वाजवायला जावं लागलं. तिनं तो पूर्ण वाजवला, आणि तो कसा वाजला हे तिला आजही आठवत नाही.

गाठ होती. उजव्या कानाच्या मागे, डोक्यात खोल, आणि एव्हाना हातपाय पसरून बसलेली. इस्पितळातल्या डॉक्टरांनी चित्र दिव्यासमोर धरून सगळं समजावलं. मधलीनं एकच प्रश्न विचारला. वर्षापूर्वी कळलं असतं तर? डॉक्टर तरुण होते, खोटं बोलायला अजून शिकले नव्हते. तेव्हा लहान असणार, काढता आली असती, असं ते म्हणाले. मधली बाहेर येऊन जिन्यात बसली. अकरा गावांतलं हसू तिच्या कानात एकदम वाजायला लागलं. बाबांनी तिला दुखणं सांगितलं होतं, मोजून, अचूक, त्यांच्या भाषेत. आणि तिनं ते फोनवरचा आकडा दाखवून खोडून काढलं होतं.

बाबांना घरी आणलं. बाहेरच्या खोलीत, पियानोशेजारी त्यांची खाट लावली. चार दिवसांनी त्यांनी अवजारांची पिशवी मागितली. काही करायचं नव्हतं, नुसती जवळ हवी होती. ती आणताना मधलीच्या हाती त्यांची वही लागली. लहानपणापासून बघितलेली ती वही, एक भरली की दुसरी. प्रत्येक ओळीत तारीख, वाद्य, किती खाली आलं होतं, शेरा आणि पुढची तारीख. पुढची तारीख नेहमी सहा महिन्यांनंतरची.

तिनं त्या कार्यक्रमाचं पान शोधलं. 'मुलीची चौकडी. एक स्वर खाली.' त्यातला 'एक' खोडून वर 'अर्धा' लिहिलं होतं. शेऱ्यात 'माझी चूक'. त्याच्या पंधरा दिवसांनंतर एका शाळेचा पियानो. 'नेहमीसारखा लावला, अर्धा स्वर वर गेला. दोन तारा तुटल्या. माझी चूक. रविवारी जाऊन उतरवून दिला.' आणि मग दर रविवारी एक ओळ. वाद्याच्या जागी 'कान'. 'कान. अर्धा खाली.' 'कान. अर्धा खाली.' मग 'अर्ध्याच्या किंचित पुढे'. गेल्या दोन महिन्यांत 'पाऊण'. दोन्ही काटे पुढे ठेवून, आपटून, बाबा वर्षभर स्वतःचा कान मोजत होते, लोकांचा पियानो मोजावा तसा. त्या ओळींत पुढची तारीख कुठेच नव्हती.

"सांगितलं का नाहीत?" तिनं विचारलं. 

"पियानो म्हातारा झाला की खाली येतो," बाबा म्हणाले. "मला वाटलं, कानही येत असेल." मग म्हणाले, "आणि तू इतकी खूश होतीस."

यापेक्षा त्यांनी कानफटात मारली असती तर बरं झालं असतं. ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडून रडली. आई शेजारी उभी राहून भांडी विसळत होती, तीच तीच दोन भांडी.

पुढच्या तालमीला तिनं तिघांना सगळं सांगितलं. धाकटीचे डोळे भरले, दादा चेलोच्या खोक्यावर बसून राहिला. शास्त्रीबुवांनी खाली बघत बोटांवर काहीतरी मोजलं. मग ते म्हणाले, त्यांना पाऊण स्वर खाली ऐकू येतं ना? मग आपण आजच्या सुरापेक्षा पाऊण स्वर वर लावू. त्यांना अगदी जागेवर ऐकू येईल. आपल्या सुरापासून सव्वा स्वर चढवायचा, बस.

बोलणारा कोण होता, ते लक्षात घ्या. पियानोवाल्यांच्या सोयीसाठी सूर चढवा म्हणणाऱ्या एका आयोजकाला याच गृहस्थानं भर सभागृहात पंधरा मिनिटं झापलं होतं. त्याचं व्हायोलिन दोनशे वर्षांचं होतं, आणि आतड्याची तार इतकी चढवली तर तारच काय, वाद्याची पाठ उकलू शकते, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. दादानं तरीही विचारलं. शास्त्रीबुवा म्हणाले, बघू. एवढंच. कुठल्या ग्रंथाचा दाखला नाही की पान नाही.

रविवारी सकाळी चौघं आली. आईनं खुर्च्या मांडल्या. बाबा उशीला टेकून बसले होते, खूप हडकले होते, पण दाढी करून घेतली होती. चौकडीनं सूर चढवायला सुरुवात केली. खुंट्या कुरकुरत होत्या, तारा चढून पुन्हा उतरत होत्या, शास्त्रीबुवांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांची सगळ्यात बारीक तार फट्कन तुटली. त्यांनी दुसरी लावली. ती अर्ध्या वाटेतच तुटली आणि त्यांच्या गालावर लाल रेघ उमटली. त्यांनी तिसरीसाठी पाकिटात हात घातला.

"उतरवा," बाबा म्हणाले.

सगळे थांबले.

"स्वर मला हल्ली कळत नाही. ओढलेलं लाकूड कळतं." त्यांचा श्वास मध्येच तुटत होता. "माझ्यापायी वाद्यांचे जीव घेऊ नका. तुमच्या जागेवर आणा."

मधली वाद्य खुर्चीवर ठेवून खाटेपाशी गेली. "तुम्हाला नीट ऐकू यायला हवं, बाबा. एकदा तरी."

"सव्वा स्वर खाली ऐकू येईल. अर्धा तुमचा, पाऊण माझा," बाबा म्हणाले. "मी मनात चढवून घेईन."

तारा उतरवणंही सोपं नसतं. आतड्याची तार ओढली की तिला पुन्हा आपल्या जागी मुरायला वेळ लागतो. पाऊण तास गेला. बाबा डोळे मिटून त्या लावण्याकडे लक्ष देऊन पडून होते. कुणाला घाई नव्हती, कारण पुन्हा असं जमणं होणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

मग त्यांनी एक संथ भाग वाजवला. फार वर चढत नाही, बराच वेळ मधल्या स्वरांत रेंगाळतो, आणि एका जागी बाकीचे तिघं जवळजवळ गप्प होऊन व्हायोलाला बोलू देतात. मधलीनं तिथवर बाबांकडे बघायचं टाळलं होतं. तिथे आल्यावर बघितलं. त्यांचा उजवा हात पांघरुणावर होता, मूठ अर्धवट मिटलेली, पियानोच्या तारा पिळायचा पाना धरावा तशी. आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ती मूठ केसभर फिरत होती. ते तिचा एकेक स्वर चढवून जागेवर आणत होते, सव्वा स्वर, न कंटाळता. तिला डोळ्यांपुढचं दिसेना झालं. पण ती ओळ तिनं सोडली नाही.

संपल्यावर बाबांनी डोळे उघडले, वही मागितली, आणि तिलाच लिहायला सांगितलं. तारीख. मुलीची चौकडी. सव्वा स्वर खाली.

"बाबा, त्या दिवशी मी तुमचं ऐकायला हवं होतं."

"त्या दिवशी अर्धाच होता," ते म्हणाले. "मोजमाप तुझंच बरोबर होतं. शेऱ्यात नीट लिही."

"काय लिहू?"

"नीट. नीट, असं लिही."

त्यांनी माफ केलं असतं तर तिला निदान त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडता आलं असतं. पण त्यांच्या हिशेबी माफ करण्यासारखं काही घडलंच नव्हतं. मुलगी बरोबर होती, कान चुकला होता, प्रकरण मिटलं होतं. तिचं मात्र काहीच मिटलं नव्हतं, आणि ते मिटणार नाही हे तिला तेव्हाच कळलं. जन्मभर ज्याची वाट बघितली तो शब्द तिनं स्वतःच्याच अक्षरात लिहिला. 

पुढच्या तारखेची जागा उरली होती. ती कोरीच ठेवावी म्हणून ती वही मिटायला लागली, तर बाबांनी बोट मध्ये घातलं.

"सहा महिने," ते म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे बघितलं. आईनंही बघितलं. ज्या माणसानं चाळीस वर्षांत वहीत एक खोटा आकडा लिहिला नाही, स्वतःच्या चुकासुद्धा तारखेसकट लिहून ठेवल्या, तो डोळ्याला डोळा भिडवून ती तारीख लिहायला सांगत होता. तिनं बोटांवर महिने मोजून तारीख लिहिली. मग वार काढला आणि तोही लिहिला. मंगळवार होता.

बाबा पाचव्या आठवड्यात गेले. चौकडी अजून वाजवते, त्याच जुन्या सुरात. सूर खाली का, हे आता शास्त्रीबुवा सांगतात. फार लांबवतात, पण त्यांना कुणी थांबवत नाही.

तो मंगळवार आला तेव्हा तालीम होती. मधली गेली नाही. तिनं बाबांचा काटा कापडातून काढला, आपटून कानाशी धरला आणि घरच्या पियानोची त्याच स्वराची पट्टी दाबली. इतके महिने त्याला कुणाचा हात लागला नव्हता. तो किंचित खाली आला होता. दोनदा, तीनदा ऐकून किती ते तिनं नक्की केलं आणि बाबांच्या ओळीखाली लिहिलं. तारीख, वाद्य, किती खाली. मग पेन हातात धरून ती बराच वेळ बसून राहिली, कारण पियानो लावायला तिला कुणी कधी शिकवलं नव्हतं आणि शेऱ्यात काय लिहायचं ते तिला कळत नव्हतं.